शीत हवामानात मोटारगाडी सुरू होण्याचा प्रश्न : बॅटरी, स्टार्टर आणि विद्युत जोडण्या यांचे एक विवेचन

प्रस्तावना

मराठी बोलण्यात मोटारगाडीच्या स्टार्टरला ‘सेल्फ’ असे म्हणतात. ‘सेल्फ मारणे’, ‘गाडी सेल्फ घेत नाही’ हे शब्दप्रयोग गॅरेजमध्ये जितके रूढ आहेत तितकेच सुशिक्षित घरांतही रूढ आहेत. ‘सेल्फ-स्टार्टर’ या इंग्रजी जोडशब्दाचे हे मराठीत उरलेले अर्धे रूप होय. गाडी स्वतःच स्वतःला सुरू करते ही गोष्ट एके काळी नवलाची होती, याची साक्ष हा शब्द देतो.

महाराष्ट्रातील हवामानात या नवलाची जाणीव फारशी होत नाही. निफाडसारख्या ठिकाणी काही हिवाळ्यांत पारा पाच अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, परंतु तेवढ्या थंडीने सुस्थितीतील गाडी सहसा अडत नाही. लडाखमध्ये मात्र परिस्थिती सर्वस्वी वेगळी आहे. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे जानेवारीच्या रात्री तापमान उणे १५ अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते. तेथे पहाटे रुग्णवाहिका सुरू होते की नाही, हा सोयीचा नव्हे तर जीविताचा प्रश्न असतो. महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक प्रवासी स्वतःच्या वाहनांनी लडाखला जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथील उंच ठिकाणी रात्रीचे तापमान शून्याखाली जाते आणि आदल्या दिवशीपर्यंत निर्दोष वाटणारी गाडी सकाळी ‘सेल्फ घेत नाही’. अशा वेळी ‘थंडीने बॅटरी गेली’ असे निदान सर्रास केले जाते.

हे निदान कितपत खरे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. बॅटरीचे रसायन, इंजिनाची गरज, स्टार्टर मोटरची रचना आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा यांचा एकत्र विचार केल्यास असे दिसते की, थंडी बहुधा नवा दोष निर्माण करीत नाही. उष्ण हवामानात जी राखीव शक्ती जुने दोष झाकून ठेवते, ती राखीव शक्ती थंडी काढून घेते. हे प्रतिपादन पुढील विवेचनात क्रमाने मांडले आहे.

१. हँडलपासून ‘सेल्फ’पर्यंत

अंतर्ज्वलन इंजिन आपणहून फिरू लागत नाही. पिस्टनने हवा आत ओढणे, ती दाबणे, इंधन पेटणे या क्रिया घडण्यासाठी क्रँकशाफ्टला बाहेरून काही फेरे द्यावे लागतात. आरंभीच्या काळात हे काम गाडीच्या पुढील बाजूस हँडल घालून हाताने केले जाई. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलट फिरे आणि चालकाचे मनगट वा हात मोडण्याचे अपघात घडत. थंडीत तेल घट्ट झाल्यावर हँडल फिरविणे सशक्त माणसासही जड जाई.

या अडचणीवर व्यवहार्य विद्युत उपाय चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने शोधला आणि कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ सालच्या गाड्यांत तो प्रथम नियमितपणे बसविण्यात आला. इंजिन फिरविण्याइतकी शक्तिमान मोटर गाडीत मावणार नाही, अशी तेव्हाची समजूत होती. केटरिंग यांनी त्यापूर्वी दुकानांतील रोकड-नोंद यंत्रासाठी विजेची मोटर तयार केली होती. त्या यंत्राची मोटर सतत चालत नाही, क्षणभरच चालते. थोडा वेळ चालणाऱ्या लहान मोटरवर तिच्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट भार टाकता येतो, कारण ती तापण्यापूर्वीच तिचे काम संपलेले असते. हेच तत्त्व त्यांनी मोटारगाडीला लावले.

‘सेल्फ’चे मर्म या तत्त्वात आहे. त्याला फार ऊर्जा लागत नाही, परंतु काही सेकंद फार मोठी शक्ती लागते. ऊर्जा आणि शक्ती यांतील हा फरक लक्षात न घेतल्यामुळे बॅटरीविषयीचे पुष्कळसे गैरसमज निर्माण होतात. थंडीत इंजिन फिरविण्यासाठी ३,२०० वॅट शक्ती पाच सेकंद लागली असे मानले, तर खर्च झालेली ऊर्जा १६,००० जूल, म्हणजे सुमारे ४.४ वॅट-तास इतकीच भरते. बारा व्होल्ट व ५० ॲम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे ६०० वॅट-तास ऊर्जा साठविलेली असते. म्हणजे एका आरंभाला बॅटरीतील एक टक्काही ऊर्जा लागत नाही. गाडी अडते ती साठा संपल्यामुळेच असे नाही. साठा असूनही तो पुरेशा वेगाने बाहेर येऊ शकत नाही म्हणूनही ती अडते.

२. बॅटरीचे रसायन आणि तापमान

मोटारगाडीत आजही प्रामुख्याने वापरली जाणारी शिसे-आम्ल बॅटरी ही गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधलेल्या घटाचीच सुधारित आवृत्ती आहे. कामिय फोर याने १८८१ मध्ये शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची पद्धत काढली आणि बॅटरीचे औद्योगिक उत्पादन सुकर झाले. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये विरल सल्फ्युरिक आम्ल अशी तिची मांडणी असते. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल अधिकाधिक पाणीदार होत जाते. भारित करताना हीच क्रिया उलट घडते. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्टचा असल्याने सहा घटांची पूर्ण भारित बॅटरी विनाभार १२.६ व्होल्टच्या आसपास असते.

थंडीचा परिणाम येथे तीन प्रकारे होतो. पहिला परिणाम अभिक्रियेच्या वेगावर होतो. तापमान उतरले की पट्ट्यांच्या पृष्ठभागावरील रासायनिक क्रिया मंदावते. दुसरा परिणाम आम्लाच्या प्रवाहितेवर होतो. थंड आम्ल दाट होते, पट्टीच्या सूक्ष्म छिद्रांतील आम्ल खर्च झाल्यावर त्याची जागा घेण्यास बाहेरचे आम्ल लवकर आत शिरत नाही आणि आयनांची हालचालही संथ होते. या दोहोंचा एकत्रित परिणाम म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. सर्वसाधारण अनुभव असा मानला जातो की, उबदार हवेत बॅटरी जी आरंभशक्ती देते तिच्या सुमारे दोन-तृतीयांश शक्ती ती शून्य अंशास देते आणि उणे १८ अंशास जेमतेम निम्मी, कधी त्याहूनही कमी देते.

तिसरा परिणाम गोठण्याचा आहे. पूर्ण भारित बॅटरीतील आम्लाची सापेक्ष घनता १.२८ च्या आसपास असते. असे आम्ल उणे ६० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. परंतु उतरलेल्या बॅटरीतील द्रव बराचसा पाण्यासारखा झालेला असतो आणि तो उणे १० अंशांच्या आसपासच गोठू शकतो. बर्फ प्रसरण पावल्याने पट्ट्या वाकतात व पेटी तडकते. लेहमधील एकाच रात्री भारित बॅटरी सुरक्षित राहते आणि उतरलेली बॅटरी कायमची निकामी होते, याचे कारण हे आहे. गोठलेली बॅटरी भारित करण्याचा वा तिच्यावर दुसऱ्या गाडीची वीज देण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण त्यात स्फोटाचा धोका असतो.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. थंड बॅटरी वीज जशी संथपणे देते तशीच ती संथपणे स्वीकारते. लहान अंतराच्या फेऱ्यांत अल्टरनेटर चालू असला तरी आरंभाला खर्च झालेली वीज पूर्णपणे परत मिळत नाही. अशा काही दिवसांच्या वापराने बॅटरी नकळत अर्धवट भारित अवस्थेत येते आणि गोठण्याच्या मर्यादेजवळ सरकते.

३. इंजिनाची वाढती मागणी

एकीकडे पुरवठा घटत असताना दुसरीकडे इंजिनाची मागणी वाढत असते. यातील मोठा वाटा वंगण-तेलाचा आहे. तापमान उतरताच तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, झपाट्याने वाढतो आणि बेअरिंगे व सिलिंडर यांच्यातील तेलाचा थर तोडून क्रँकशाफ्ट फिरविण्यास अधिक पीळ लागतो. तेलाच्या डब्यावरील ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५ डब्ल्यू-४०’ यांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. एसएई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या वर्गवारीत १५ डब्ल्यू तेलाची थंड-आरंभ श्यानता उणे २० अंशांस, १० डब्ल्यूची उणे २५ अंशांस, ५ डब्ल्यूची उणे ३० अंशांस आणि ० डब्ल्यूची उणे ३५ अंशांस तपासली जाते. आकडा जितका लहान तितके ते तेल थंडीत पातळ राहते. महाराष्ट्रातील जुन्या डिझेल गाडीला चालणारे २० डब्ल्यू तेल घेऊन लडाखच्या हिवाळ्यात जाणे म्हणजे स्टार्टरवर दुप्पट ओझे टाकण्यासारखे आहे.

इंधनाचाही प्रश्न असतो. थंड हवेत पेट्रोलचे बाष्प कमी प्रमाणात होते, म्हणून इंजिन पेट घेईपर्यंत अधिक फेरे द्यावे लागतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापविल्यामुळेच इंधन पेटते. सिलिंडरच्या भिंती अतिथंड असल्या आणि इंजिन सावकाश फिरले, तर दाबलेल्या हवेची उष्णता भिंतींत निघून जाते व ज्वलनास आवश्यक तापमान गाठले जात नाही. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने सिलिंडरमध्ये हवाच कमी भरते आणि ही अडचण अधिक बिकट होते. म्हणून डिझेल इंजिनाला पेट्रोल इंजिनापेक्षा अधिक वेगाने फिरवावे लागते आणि त्याची बॅटरीही मोठी असते. ग्लो प्लग ही विजेवर तापणारी लहान कांडी सिलिंडरमधील हवा व इंधन यांना उष्णता पुरविते. मात्र स्टार्टर फिरण्यापूर्वीच तिला वीज लागते आणि तो भारही बॅटरीवरच पडतो.

साध्या डिझेलमधील मेणासारखे घटक थंडीत वेगळे होऊन गाळणी तुंबवितात. या कारणास्तव इंडियन ऑइल या कंपनीने पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार केलेले हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उपलब्ध केले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. बॅटरी कितीही उत्तम असली तरी गाळणीत गोठलेल्या इंधनावर तिचा इलाज चालत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

४. स्टार्टर, सोलेनॉइड आणि जोडण्या

स्टार्टर ही एकदिश प्रवाहावर चालणारी मोटर होय. तिच्या दांड्यावरील लहान दंतचक्र, म्हणजे पिनिअन, इंजिनाच्या फ्लायव्हीलवरील मोठ्या दात्यांच्या कड्यात अडकते. दात्यांच्या संख्येतील मोठ्या फरकामुळे मोटरचा वेग कमी होऊन पीळ वाढतो. जुन्या मोटरींमध्ये चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या गुंडाळ्यांनी निर्माण केले जाई. अलीकडील बहुतेक लहान गाड्यांत कायमचुंबक आणि मोटरच्या आतच बसविलेली ग्रहीय दंतचक्रमाला असते. त्यामुळे मोटर आकाराने लहान, वजनाने हलकी आणि कमी प्रवाहात अधिक पीळ देणारी झाली आहे.

पिनिअन पुढे ढकलणे आणि मोटरचा जाड प्रवाहमार्ग जोडणे ही दोन्ही कामे सोलेनॉइड करतो. त्यात खेचणारी व धरून ठेवणारी अशा दोन गुंडाळ्या असतात. बॅटरी दुर्बळ असल्यास सोलेनॉइड संपर्क जोडतो, त्याच क्षणी मोटर प्रचंड प्रवाह खेचते, व्होल्टता कोसळते, धरून ठेवणारी गुंडाळी सैल पडते आणि संपर्क तुटतो. संपर्क तुटताच व्होल्टता पुन्हा वर येते आणि हाच क्रम पुनःपुन्हा घडतो. थंडीत ऐकू येणारी ‘टक-टक-टक’ ही ध्वनिमाला या क्रियेची असते. एकच ‘टक’ ऐकू येऊन पुढे काही न घडणे हे मात्र बहुधा जळलेल्या संपर्काचे, झिजलेल्या कार्बन ब्रशचे किंवा अडकलेल्या मोटरचे लक्षण असते. चालकाने या दोन आवाजांत फरक केला, तर निष्कारण बॅटरी बदलण्याचा खर्च अनेकदा टळू शकेल.

बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड तार, इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आणि बॅटरीच्या खुंटांवरील पकडी हे या साखळीतील सर्वांत उपेक्षित घटक आहेत. पकडीवर जमणारा पांढरा-हिरवट थर हा वीज नीट न वाहणाऱ्या संयुगांचा असतो. घरातील दिव्याच्या दृष्टीने पाच मिलिओहम रोध नगण्य ठरेल. परंतु ज्या तारेतून २०० ॲम्पिअर वाहतात तेथे हाच रोध पूर्ण एक व्होल्ट गिळतो आणि त्या सांध्यावर २०० वॅट उष्णता निर्माण होते.

५. पुरवठा आणि मागणी : एक गणिती उदाहरण

वरील सर्व घटकांचा परस्परसंबंध स्पष्ट होण्यासाठी एक सोपे उदाहरण घेता येईल. यातील आकडे गृहीत धरलेले आहेत, परंतु ते लहान मोटारगाडीच्या वास्तव मर्यादांत बसणारे आहेत. बॅटरीची विनाभार व्होल्टता १२.६ आणि उबदार हवेतील अंतर्गत रोध ५ मिलिओहम मानू. थंडीत तो दुप्पट, म्हणजे १० मिलिओहम होतो असे मानू. इंजिन पुरेशा वेगाने फिरविण्यास स्टार्टरला उबदार हवेत २,००० वॅट आणि थंडीत ३,२०० वॅट लागतात असे धरू.

कोणताही विद्युत स्रोत बाहेरच्या भाराला देऊ शकेल अशी कमाल शक्ती म्हणजे व्होल्टतेच्या वर्गास एकूण रोधाच्या चौपटीने भागून येणारी राशी होय. उबदार हवेत जोडण्या स्वच्छ असताना ही कमाल मर्यादा सुमारे ७,९४० वॅट येते. गरज २,००० वॅटची असल्याने जवळजवळ चौपट पुरवठा उपलब्ध असतो. सुमारे १७० ॲम्पिअर प्रवाहात काम होते आणि स्टार्टरला ११.७ व्होल्टहून किंचित अधिक मिळतात. थंडीत हीच मर्यादा सुमारे ३,९७० वॅटवर उतरते आणि गरज ३,२०० वॅटवर चढते. इंजिन फिरते, परंतु प्रवाह ३५० ॲम्पिअरच्या पुढे जातो आणि व्होल्टता ९.१ पर्यंत खाली येते. राखीव शक्ती फारच थोडी उरते.

आता पकडीवरील थरामुळे ५ मिलिओहम रोध वाढला असे समजू. उबदार हवेत कमाल मर्यादा ३,९७० वॅट होते. गरज २,००० वॅटचीच असल्याने गाडी रोज निर्वेधपणे सुरू होते आणि दोष असल्याचा पत्ताही लागत नाही. थंडीत मात्र एकूण रोध १५ मिलिओहम होऊन कमाल मर्यादा सुमारे २,६५० वॅटवर येते. गरज ३,२०० वॅटची आहे. म्हणजे इंजिन आवश्यक वेगाने फिरणे तत्त्वतःच अशक्य होते. चालकाने कितीही वेळ चावी फिरविली तरी निष्पत्ती होत नाही, उलट बॅटरी उतरते व मोटर तापते.

येथे नेहमीचा उपाय करून पाहू. जुनी बॅटरी काढून थंडीत ८ मिलिओहम रोध असणारी नवी, मोठी बॅटरी बसविली आणि पकडीवरचा थर तसाच राहिला, तर एकूण रोध १३ मिलिओहम व कमाल मर्यादा सुमारे ३,०५० वॅट येते. गाडी तरीही सुरू होणार नाही. याउलट जुनीच बॅटरी ठेवून पकडी घासून घट्ट बसविल्या, तर मर्यादा पुन्हा ३,९७० वॅटवर जाते आणि गाडी सुरू होते. किंवा पातळ तेल वापरून गरज २,५०० वॅटवर आणली, तर थर असूनही इंजिन जेमतेम का होईना फिरू शकते. प्रत्यक्षात बॅटरीचे वर्तन या साध्या सूत्रापेक्षा गुंतागुंतीचे असते आणि व्होल्टता निम्म्यावर येण्यापूर्वीच इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक व इंधनपंप यांचे काम बिघडू लागते. त्यामुळे खरी मर्यादा येथे काढलेल्या आकड्यांहून कमीच असते. तथापि निष्कर्षाची दिशा त्याने बदलत नाही.

६. बॅटरी झिजते उन्हाळ्यात

पकडीवरील थराप्रमाणेच बॅटरीचे स्वतःचे वार्धक्यही उबदार हवेत झाकलेले राहते. हे वार्धक्य प्रामुख्याने उष्णतेमुळे येते. धन पट्टीच्या जाळीचे क्षरण, पाण्याचे बाष्पीभवन आणि साठविलेल्या विजेचा आपोआप होणारा ऱ्हास या तिन्ही क्रिया तापमानासोबत वेग घेतात. दर दहा अंश तापमानवाढीस अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असा नियम अभियंते वापरतात. नागपूर-चंद्रपूर भागात मे महिन्यात हवेचेच तापमान ४५ अंशांवर जाते. बॉनेटखाली, इंजिनाशेजारी ते त्याहून बरेच अधिक असते. अशा दोन-तीन उन्हाळ्यांत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, पण विदर्भाच्या हवेत तिला कधी कसोटीचा प्रसंग येत नाही. तीच बॅटरी गाडीसह लडाखला पोहोचते आणि पहिल्याच गोठत्या सकाळी नापास होते. दोष थंडीवर येतो, पण हानी त्यापूर्वीच्या उन्हाळ्यांनी केलेली असते.

७. बॅटरीची निवड

आपल्याकडे बॅटरी घेताना ग्राहक बहुधा ॲम्पिअर-तास आणि हमीचे महिने विचारतो. ॲम्पिअर-तास हा साठ्याचा आकडा आहे आणि तो सामान्यतः वीस तासांच्या संथ वापरावर ठरविलेला असतो. थंडीतील आरंभासाठी ‘कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअर’ हा आकडा पाहावा लागतो. अमेरिकी मानकानुसार उणे १८ अंशांस ३० सेकंद जो प्रवाह दिल्यावरही बॅटरीची व्होल्टता ७.२ च्या खाली जात नाही, तो हा आकडा होय. युरोपीय मानकात तापमान तेच असले तरी दहा सेकंदांनंतरची ७.५ व्होल्ट ही मर्यादा धरतात. म्हणून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना आकडा कोणत्या मानकानुसार छापला आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

आरंभाची बॅटरी आणि साठ्याची बॅटरी यांच्या रचनेतच भेद आहे. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत जाड नळीदार पट्ट्या असतात. ती तासन्‌तास थोडा प्रवाह देण्यासाठी बनविलेली असते. मोटारगाडीच्या बॅटरीत पातळ आणि संख्येने अधिक पट्ट्या असतात, जेणेकरून आम्लाशी संपर्क येणारा पृष्ठभाग वाढावा आणि काही सेकंद शेकडो ॲम्पिअर मिळावेत. अधिक ॲम्पिअर-तास आहेत म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी गाडीला चालेल, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषून धरणाऱ्या एजीएम प्रकारच्या बॅटरीचा अंतर्गत रोध कमी असतो व ती वीज लवकर स्वीकारते, म्हणून ती थंडीत सरस ठरते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी वजनाने हलकी असली, तरी शून्याखालील तापमानात ती भारित केल्यास तिच्या ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून कायमची हानी होऊ शकते. त्यासाठी तापविण्याची वा भारण रोखण्याची व्यवस्था तिच्यात असावी लागते.

८. शीत प्रदेशांतील उपाय

मागणी कमी करणे हा उपाय पुरवठा वाढविण्याइतकाच, किंबहुना अधिक प्रभावी असल्याचे शीत प्रदेशांनी फार पूर्वी ओळखले. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन विजेने उबदार ठेवणारा हीटर तयार केला आणि १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत आणि अलास्कात वाहनतळांवर गाडीसाठी विजेचे प्लग असतात, ते अशा हीटरसाठी. रात्रभर उबदार ठेवलेल्या इंजिनात तेल पातळ राहते आणि बॅटरीचे काम हलके होते.

जेथे रात्रभर वीज उपलब्ध नसते तेथे बॅटरी काढून उबदार खोलीत ठेवण्याची रीत आहे. वीस अंशांवर ठेवलेली बॅटरी पहाटे गोठलेल्या इंजिनाला जोडली, तरी तिची स्वतःची शक्ती जवळजवळ पूर्ण मिळते. याउलट तेलाच्या टाकीखाली निखारे वा स्टोव्ह ठेवण्याची पद्धत आगीला निमंत्रण देणारी आहे. गाडीला धक्का मारणे हा मराठी मुलखातील हमखास उपाय बर्फाळ रस्त्यावर चाके घसरत असल्याने निरुपयोगी ठरतो. शिवाय बॅटरी पूर्णपणे उतरली असेल तर आधुनिक गाडीचे इंधनपंप व नियंत्रकच चालत नाहीत.

दुसऱ्या गाडीची वीज घेताना धन खुंट धन खुंटाला जोडून शेवटची ऋण जोडणी अडलेल्या गाडीच्या इंजिनावरील कोऱ्या धातूला, बॅटरीपासून दूर करावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जोडणीच्या ठिणगीने पेटू नये, हा त्यामागील हेतू होय. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट थांबावे. या अवधीत पट्ट्यांच्या छिद्रांत ताजे आम्ल शिरते आणि बॅटरी थोडीफार सावरते.

जोडण्यांची परीक्षा साध्या मल्टिमीटरने करता येते. साहाय्यकाने सेल्फ मारला असता बॅटरीचा खुंट आणि त्यावरील पकड यांच्या दरम्यानची व्होल्टता मोजावी. ती नगण्य असावी. अर्धा व्होल्ट वा अधिक आढळल्यास दोष त्या सांध्यात आहे असे समजावे. हीच मोजणी अर्थिंगच्या पट्टीवर आणि स्टार्टरच्या जाड तारेवर करावी. लांबच्या थंड प्रदेशातील प्रवासापूर्वी केलेली ही दहा मिनिटांची तपासणी नव्या बॅटरीइतकीच मोलाची ठरू शकते.

निष्कर्ष

१) शीत हवामानातील आरंभाचा प्रश्न साठविलेल्या ऊर्जेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, क्षणिक शक्तीचा आहे.

२) तापमान उतरताना बॅटरीचा पुरवठा घटतो आणि त्याच वेळी इंजिनाची मागणी वाढते. या दोन रेषा जेथे मिळतात तेथे गाडी अडते.

३) जोडण्यांतील थोडासा रोध उष्ण हवेत जाणवत नाही, परंतु थंडीत तोच निर्णायक ठरू शकतो. म्हणून संपूर्ण विद्युत साखळी तपासल्याशिवाय केवळ बॅटरी बदलणे शास्त्रीय दृष्ट्या असमर्थनीय आहे.

४) बॅटरीची झीज प्रामुख्याने उष्णतेने होते आणि ती थंडीत उघड होते. महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशातून लडाखला जाणाऱ्या वाहनांच्या बाबतीत याचे महत्त्व विशेष आहे.

५) योग्य श्रेणीचे वंगण-तेल, हिवाळी इंधन आणि इंजिन उबदार ठेवण्याची व्यवस्था हे मागणी घटविणारे उपाय बॅटरीच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहेत.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत ‘सेल्फ’ उरलेला नाही. तथापि त्यांच्या मुख्य बॅटरीचा संपर्क जोडण्यासाठी व नियंत्रक चालविण्यासाठी एक लहान कमी-व्होल्टतेची बॅटरी बहुतेक गाड्यांत असते आणि ती उतरल्यास अशी गाडीही जागची हलत नाही. त्यामुळे इंजिनाचे स्वरूप बदलले, तरी थंड पहाटे कसोटी लागते ती सर्वांत दुर्बळ दुव्याची, हे सूत्र कायम राहते. तो दुवा कोणता, हे गाडी अडण्यापूर्वी शोधून ठेवणे चालकाच्या हाती आहे.